लुकमान उर्फ लखमन पिंजारी

बेलझरीत जाऊन लुकमान शेख कुठं राहतो असं विचारलं, तर लोक विचारात पडतील. तेच पिंजाऱ्याचं घर विचारा, चार जण एकदम हात दाखवतील. गावाच्या खालच्या अंगाला, तांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा मांडव. मांडवात कापसाची तुसं इतकी उडालेली की कोळ्याच्या जाळ्यांनासुद्धा दाढी फुटलेली.

कापूस पिंजायचा आणि गाद्या-रजया भरायच्या, हा लुकमानच्या बापाचा, आज्याचा आणि त्याच्याही मागच्या कोणाकोणाचा धंदा. खांद्यावर माणसाहून लांब कमान, तिला ताणून बांधलेली तांत, हातात लाकडाची मोगरी. कोणत्याही गावात शिरला की मोगरीचा एक टोला तांतेवर हाणायचा. तो आवाज ऐकला की बायका माळ्यावरच्या गाद्या खाली ओढायला लागत. त्याला वेगळी आरोळी ठोकावी लागत नसे.

माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. एकदा एका सुनेनं तक्रार केली की भाऊ, तुम्ही भरलेल्या गादीत गाठी लागतात. लुकमान म्हणाला, "बाई, गाठी कापसाच्या नाही हायेत, तुमच्या सासूच्या बोलण्याच्या हायेत. थ्या मी कशा पिंजू?" सासू बाजूलाच तांदूळ निवडत बसली होती. तिलाही हसू आवरलं नाही, आणि त्या घराची गादी दरवर्षी त्याच्याकडेच राहिली.

धर्माचं म्हणाल तर लुकमान काही मोठा दीनदार माणूस नव्हता. शुक्रवारी मारेगावच्या बाजारात असला तर नमाजाला जायचा, शेतशिवारात असला तर राहून जायचं. रोजे मात्र सगळे धरायचा, कारण रमजानात दिवसा त्याची बायको रोशनबी चूलच पेटू देत नसे. तो स्वतःच सांगायचा, "माहा अर्धा सवाब, अर्धं पुन्य, रोशनबीच्या नावानं जमा होते."

हे सगळं ठीक चाललं होतं. मग ती सालं आली, दोन हजार चार, पाच, सहाची. कापसाचा भाव पडला. कापूस खरेदीच्या आवारात बैलबंड्या चार-चार दिवस उभ्या राहायला लागल्या. या सालांबद्दल पेपरवाल्यांनी पुष्कळ लिहिलं, पुढारी येऊन गेले, त्यांच्या गाड्यांचा धुरळा आम्ही खाल्ला. पण पिंजाऱ्याचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. पूर्वी शेवटच्या वेचणीचा डागी कापूस लोक गादीसाठी घरात ठेवून घेत. आता तोही विकायला काढू लागले. लग्नं आटोपशीर होऊ लागली, रुखवतातली गादी गेली, तिच्या जागी बाजारातली फोमची गुंडाळी आली. लुकमान पाच-पाच गावं फिरून एक रजई भरून परत यायचा. बसल्या जागी म्हणायचा, "माह्या मांगं ह्या कमानीले कोनी खांद्यावर घेनार नाही, आन घेऊ पन नये."

त्याची सगळी आशा एका ठिकाणी होती. तस्लीमवर. तस्लीम त्याची थोरली लेक, बारावी सायन्सला बसलेली. गावच्या उपकेंद्रात येणाऱ्या नर्सबाईच्या मागं मागं ती लहानपणापासून फिरायची, डोस पाजायला मदत करायची, आणि तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. कॉलेजातल्या एका मॅडमनं तिला सरकारची यादी दाखवली. पिंजारी ओबीसीत होते. मॅडम म्हणाल्या, "खुल्या यादीत तुझा नंबर लागणं कठीण आहे. ओबीसीतून मात्र नर्सिंगची सीट नक्की. तेवढं जातीचं प्रमाणपत्र आत्तापासून काढून ठेव."

लुकमानला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं काम. अख्खा मुलूख आपल्याला पिंजारी म्हणतो. लोकांच्या भांडणात शिवी देतानासुद्धा पिंजाऱ्याचा म्हणतात. एक कागद द्यायला कोणाचं काय जातं?

तालुक्याच्या कचेरीत खिडकीमागं पियूष देशकर नावाचा बाबू बसायचा. तिशीचा, नीटनेटका, कोणाकडून चहासुद्धा न घेणारा. हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्याला लबाड समजाल. तो लबाड नव्हता. त्यानं लुकमानला सांगितलं, "एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा पुरावा लागेल. शाळेत दाखल केल्याचा उतारा आणा, त्यावर जात लिहिलेली असते."

लुकमान शाळेत चौथीपर्यंत गेलेला. त्यानं शाळेतून त्रेसष्ट सालचा उतारा काढून आणला. पियूषनं तो पाहिला आणि खिडकीतून परत सरकवला.

"यावर जात पिंजारी नाही. मुसलमान लिहिलंय."

"मंग? मी मुसलमानच हाय न, साहेब."

"मुसलमान ही जात नाही, धर्म आहे. धर्मावर कोणाला काही देता येत नाही. शासन निधर्मी आहे."

हे तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोक्याच्या वर भिंतीला देवाचा फोटो होता आणि खाली दोन उदबत्त्या जळत होत्या. श्रावणात त्या कचेरीत सत्यनारायण व्हायचा. लुकमाननं तिथला शिरा खाल्लेला होता आणि शिरा चांगला असतो असं त्याचं मत होतं. त्याचं त्यावर भांडण नव्हतं. त्याला फक्त एक गोष्ट समजेना.

"साहेब, धर्म हाय त जातीच्या जागी लिवला कोनं? मी त सहा वर्साचा होतो. मले त तवा पाटीवर माहं नाव बी लिवता येत नवतं."

पियूषनं मागच्या माणसाचे कागद मागितले. पण मी सांगतो ना. लिहिलं तेव्हाच्या मास्तरांनी. माणूस शिकलेला, सज्जन, खादी घालणारा. त्यांची एक ठरलेली रीत होती. कुणब्याला कुणबी लिहायचं, तेल्याला तेली, माळ्याला माळी. मुसलमानाचं पोर आलं की विचारायचंच नाही. खाटीक असो, मणियार असो, शिंपी असो, पिंजारी असो, सरसकट मुसलमान. लुकमान ज्या दिवशी शाळेत गेला त्याच दिवशी तांड्यावरचा हरिसिंगही गेला. दोघं एका तरटावर बसले. रजिस्टरात दोघांच्या ओळी खाली-वर आहेत. वरच्या ओळीत हरिसिंग, जात बंजारी. खालच्या ओळीत शेख लुकमान, जात मुसलमान. हरिसिंगच्या मुलांचे दाखले चार दिवसांत निघाले. निघालेच पाहिजेत, त्याबद्दल लुकमानच्या पोटात दुखलं नाही. पण एका शाईनं, एका हातानं, एका दिवशी लिहिलेल्या दोन ओळी, आणि त्यातली एक पोरांना पुढं नेते आणि दुसरी खिडकीतून परत येते, ही कुठली रीत म्हणायची?

आणि गंमत पाहा. एका साली दूरच्या शहरात दंगल पेटली होती, तेव्हा गावोगावच्या मुसलमानांना ठाण्यावर बोलावून चार दिवस आवारात बसवून ठेवलं होतं. लुकमानही होता, कमान घरी ठेवून. त्या वेळी त्याला कोणी म्हणालं नाही की बाबा, मुसलमान ही जात नाही, तू आधी जातीचा पुरावा आण.

लुकमान त्या खिडकीवर आणखी दोनदा गेला. दोन्ही वेळा तेच उत्तर. तस्लीमचा बारावीचा निकाल जवळ आला. रात्रीच्या जेवणाला रोशनबी विचारायची, "हुआ क्या?" आणि हा म्हणायचा, "हो जाएगा." पोरीची सीट गेली तर तिचं लग्न करून देण्याशिवाय त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि हे त्याच्याइतकंच तस्लीमलाही माहीत होतं.

मे महिना म्हणजे गाद्या पिंजून घ्यायचे दिवस. तालुक्याच्या गावात शिक्षक कॉलनीत कुंदाबाई देशकरांकडे दरवर्षीचं काम असे. कुंदाबाई म्हणजे पियूषची आई. लुकमान अंगणात शिरला, कमान टेकवली, एक टोला हाणला. कुंदाबाईंनी आतूनच आवाज दिला, "पियूष, पिंजारी आलाय रे! तुझ्या खोलीचं दार लाव, कापूस उडतो."

रविवार होता. पियूष घरातच होता.

लुकमाननं कमान भिंतीला लावली आणि म्हणाला, "बाई, अजून एक डाव म्हना. जरा जोरानं."

"काय म्हणू?"

"पिंजारी आला म्हनून. तुमच्या साहेबाले हापिसात ऐकू येत नाही."

कुंदाबाईंना काही कळेना. लुकमाननं तिथं अंगणातच उभं राहून सगळं सांगितलं, शाळेच्या उताऱ्यापासून. कुंदाबाईंचा पारा चढला. त्यांनी पियूषला बाहेर बोलावलं.

"अरे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरच्या गाद्या लुकमानभाऊ भरतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील भरत होते. हे पिंजारी नाहीत तर कोण आहेत, कलेक्टर?"

पियूष खाली मान घालून म्हणाला, "आई, मला माहीत आहे. पण माझ्या माहीत असण्याचा फाइलला उपयोग नाही."

"मग फाइलला ज्याचा उपयोग आहे ते सांग ना त्यांना! तीनदा फुकट हेलपाटे घालायला लावलेस."

पियूषनं भिंतीला लावलेल्या कमानीकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोतवाल बुक पाहता येईल. जन्माची नोंद. त्यात जात असते."

हे त्याला आधी का सुचलं नाही ते देव जाणे. खिडकीमागं बसल्यावर माणसाला विचारलेल्या प्रश्नापुढचं सुचत नाही असं दिसतं. लुकमाननं त्या दिवशी देशकरांच्या तीन गाद्या अशा पिंजल्या की कुंदाबाई पुढं वर्षभर शेजारणींना दाबून दाखवत होत्या.

आता कोतवाल बुक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. जुन्या काळी गावचा कोतवाल आठवड्याभरात कोण जन्मलं, कोण मेलं हे तोंडपाठ करून ठाण्यावर चालत जायचा आणि तिथला मुन्शी ते वहीत उतरवून घ्यायचा. बेलझरीचा कोतवाल होता गोविंदा. त्याला अक्षर येत नव्हतं. त्यामुळं त्याला मास्तरांसारखं मोठं काही सुचायचंही नाही. गावात ज्याला जे म्हणतात तेच तो सांगायचा.

लुकमान आणि तस्लीम दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आले. दुसऱ्या खेपेला सत्तावन्न सालची वही सापडली. पानं पिवळी पडून कडेनं झडलेली. तस्लीमनं बोटानं ओळ धरून वाचलं: लखमन वल्द दगडू, जात पिंजारी.

"हे कोन लखमन?" लुकमान म्हणाला.

"तुम्हीच, अब्बा," तस्लीम म्हणाली आणि खळखळून हसली.

आमच्या वऱ्हाडी जिभेला लुकमान कधी नीट वळलंच नाही. कोणी लुखमान म्हणे, कोणी लखमन. गोविंदाच्या तोंडात जे बसलं ते त्यानं सांगितलं आणि मुन्शीनं ते लिहिलं. आणि दगडू हे लुकमानच्या बापाचं खरं नाव. त्याच्या आधीची तीन लेकरं पाळण्यात गेली, म्हणून चौथ्याचं नाव दगडू ठेवलं, की मृत्यूला वाटावं हा तर दगड, याला काय न्यायचं. आमच्याकडे हे सगळेच करतात, हिंदू काय आणि मुसलमान काय. दगडू पिंजारी ऐंशी वर्षं जगला.

लुकमान एकदम खूश. गावात येऊन सांगत सुटला, "मास्तरानं माही जात खाऊन टाकली होती, गोविंदानं जपून ठेवली. त्याले लिवता येत नवतं म्हनून वाचलो मी!" अर्जनवीसानं प्रतिज्ञापत्र करून दिलं की लुकमान दगडू शेख आणि लखमन दगडू पिंजारी ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत. रोशनबी आठ दिवस त्याला लखमनजी म्हणून हाक मारत होती. पियूषनं कागद तपासून घेतले आणि पहिल्यांदाच म्हणाला, "झालं तुमचं काम."

निकाल लागला. तस्लीमला चांगले मार्क पडले. जुलैत नर्सिंगची यादी लागली आणि ओबीसीत तिचं नाव आलं. प्रवेश एकाच दिवशी व्हायचे होते, यवतमाळला, सगळे मूळ कागद घेऊन संध्याकाळी पाचच्या आत. प्रमाणपत्र आलं ते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी.

तस्लीमनं ते खिडकीसमोरच वाचलं. कुमारी तस्लीम लुकमान उर्फ लखमन शेख, हिंदू पिंजारी.

"काय म्हनलं?" लुकमाननं विचारलं.

"हिंदू लिहिलंय, अब्बा."

पियूषनं कागद ओढून घेतला आणि त्याचा चेहरा पडला. संगणकात धर्माच्या जागी आधीपासूनच हिंदू येतं, बदलायचं असेल तर बदलावं लागतं. टाइप करणाऱ्यानं लखमन पाहिलं, दगडू पाहिलं, पुढं सरकला. पियूषनं तपासताना जात तेवढी पाहिली. सही करणाऱ्या वरच्या साहेबांनी सहीची जागा पाहिली.

"दुरुस्त करून द्या, साहेब. एका शब्दाचं काम हाय."

"नवा अर्ज करावा लागेल. साहेब ट्रेनिंगला नागपूरला गेलेत, पंधरा दिवस तरी लागतील. पेनानं खोडलं तर प्रमाणपत्रच बाद." पियूषला खरंच वाईट वाटत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "असंच घेऊन जा ना. तिथं जात पाहतात. धर्म कोण पाहतो?"

लुकमान मनात म्हणाला, वा रे निधर्मी! प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला प्रवेशाच्या टेबलावर राठोड मॅडम होत्या. शीला राठोड, आमच्याच भागातल्या तांड्यावरून शिकून वर गेलेल्या. बोलायला मऊ. त्यांनी तस्लीमला बसायला खुर्ची दिली, मार्कलिस्ट पाहून शाबासकी दिली, आणि मग शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून पाहत बसल्या. शाळेच्या दाखल्यावर मुसलमान. प्रमाणपत्रावर हिंदू पिंजारी.

"बेटा, दोन सरकारी कागद आहेत आणि दोन धर्म आहेत," त्या म्हणाल्या. "मला असं घेता येत नाही. यातला कोणता चुकीचा आहे ते तुला लिहून द्यावं लागेल, तुझ्या सहीनं. शाळेचा दाखला चुकीचा असं लिहिलंस, तर प्रवेश आत्ता देते. शाळेची दुरुस्ती नंतर आणता येते, सहा महिन्यांत. प्रमाणपत्र चुकीचं असं लिहिलंस, तर ते धरता येणार नाही, आणि पाच वाजता मला वेटिंगमधलं पहिलं नाव घ्यावं लागेल."

"मॅडम, दोन्हीत अर्ध-अर्ध खरं हाय," लुकमान म्हणाला.

"तुमचं बरोबर आहे, दादा. पण इथं अर्ध्याची सोय नाही. कोणता चुकीचा ते मी सांगू शकत नाही. तुम्ही बापलेक बाहेर जाऊन विचार करा."

ते बाहेर वऱ्हांड्यात आले. साडेतीन वाजले होते. बाकीच्या मुली फायली छातीशी धरून बापांबरोबर, भावांबरोबर येत-जात होत्या. वेटिंगवरची पहिली मुलगी आईबरोबर पायरीवर बसली होती आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होती. तिचं तरी काय चुकलं?

लुकमाननं विचार केला. मुसलमान म्हटल्यानं आजवर त्याला काय मिळालं होतं? ठाण्याच्या आवारातले चार दिवस आणि खिडकीतून परत आलेला उतारा. आणि हिंदू म्हटल्यानं हे लोक आत्ता, उभ्या उभ्या, त्याच्या पोरीचा जन्म मार्गी लावायला तयार होते. अल्लाला काय दिसत नाही? तो काय कागद वाचून माणूस ओळखतो?

घरी ते ज्या हिंदीत बोलत, त्या हिंदीत तो पोरीला म्हणाला, "लिख दे, बेटा."

तस्लीमनं त्याच्याकडे पाहिलं. "क्या लिखूँ?"

"स्कूल का गलत है, लिख दे. एक लफ्ज है. बाद में देखेंगे. लिख दे."

तस्लीमनं फाइल उचलली. आत गेली, राठोड मॅडमकडून कोरा कागद घेतला आणि लिहायला बसली. लुकमान तिच्या मागं उभा राहिला. त्याचं वाचणं चौथीचं, एकेक अक्षर लावत जाणारं, त्यामुळं तिचा हात पुढं आणि त्याचे डोळे मागं असं चाललं होतं. तिनं मराठीत लिहिलं: माझा धर्म मुस्लिम आहे आणि जात पिंजारी आहे. शाळेच्या दाखल्यात धर्म बरोबर आहे, जात लिहिलेली नाही. प्रमाणपत्रात जात बरोबर आहे, धर्म चुकीचा आहे. खाली सही केली.

लुकमान शेवटच्या ओळीपर्यंत पोचला तेव्हा कागद मॅडमच्या हातात गेलेला होता.

राठोड मॅडमनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "खरं लिहिलंस. पण मला यावर काही करता येणार नाही गं." त्यांचे डोळे भरून आले होते. पाच वाजता त्यांनी बाहेर येऊन पायरीवर बसलेल्या मुलीचं नाव पुकारलं.

परतीच्या एसटीत लुकमानचा तोल गेला. अख्खी गाडी ऐकत होती याचंही त्याला भान राहिलं नाही. "एक शब्द लिवाले काय जात होतं तुहं? तुह्या मायनं उपास केले, मी चपला झिजवल्या, आन तुले त्या टेबलावरच शहानपन सुचलं? आता बस घरी! बस आयुष्यभर!" तस्लीम खिडकीकडे तोंड करून बसली होती. बराच वेळ गेल्यावर, बेलझरीचा फाटा जवळ आला तेव्हा, ती हळूच म्हणाली, "अब्बा, मेरे वास्ते बोले थे तुम, मालूम है मुझे. पर मेरे से नहीं हुआ."

फाट्यापासून घरापर्यंतचं दोन मैल अंतर दोघं मागं-पुढं चालले. त्या वाटेत कुठंतरी त्याचा राग उतरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. अठरा वर्षांच्या पोरीला जे जमलं नाही ते आपण किती सहज बोलून गेलो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्त प्रमाणपत्र सप्टेंबरात आलं. मुस्लिम पिंजारी. पियूष ते स्वतः घरी देऊन गेला आणि मांडवात बसून चहाही प्याला. पुढच्या वर्षी तस्लीम पुन्हा यादीत आली, प्रवेश झाला, कोर्स झाला. आज ती राजूरला खाणीच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्स आहे. एक वर्ष मागं पडली, एवढंच, असं लोक म्हणतात. त्या वर्षात तिनं कापूस वेचला आणि आईबरोबर रजयांना टाके घातले.

गावात मात्र ही गोष्ट वेगळीच पसरली. एसटीतली ओरड कोणी लक्षात ठेवली नाही. पोरीनं सीट सोडली पण खोटं लिहिलं नाही, एवढंच लोकांनी उचललं, आणि सगळे लुकमानला मान द्यायला लागले. तस्लीम सुटीवर घरी आली की हरिसिंग मुद्दाम येऊन बसतो आणि कोणी पाहुणा असला तर त्याला म्हणतो, "पोट्टी पाहा कशी हाय! एवढी सीट हातची सोडली. अशी पोट्टी कोनाच्या घरी होते?"

आणि दर वेळी तस्लीम म्हणते, "माहं काय त्याच्यात, काका? मी त घाबरून गेलती. अब्बानंच सांगितलं, खरं हाय थेच लिही म्हनून."

पहिल्यांदा तिनं हे सांगितलं तेव्हा लुकमान काहीतरी बोलायला उठला होता. तस्लीमनं त्याच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला. तो खाली बसला आणि चहा प्याला. त्यानंतर त्यानं कधी तोंड उघडलं नाही. सरकारी कागदावर एक शब्द खोटा लिहायला जी तयार झाली नाही, ती पोरगी त्याच्यासाठी हे खोटं दर वेळी बोलते, चारचौघांत, न अडखळता, आणि तो तिला बोलू देतो.

त्याला त्याची शरम वाटते. तरी तो बोलू देतो.